सर्व थांबे घेणारा शब्द

न्यू – रो – प – थी

"फाईल क्रमांक एक. वाचणार विजयमाला, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, दिग्रस बसस्थानक. ऐकणार प्रेरणा, गाव बोरी अरब, सध्या मुक्काम यवतमाळ. शब्द पहिला. न्यूरोपथीऽऽ. न्यूरो म्हणजे मज्जातंतू, पथी म्हणजे दुखणं. मूळ भाषा ग्रीक. शब्द दुसरा. हेमिप्लेजियाऽऽ..."

चूक तिथेच आहे. पहिल्याच फाईलच्या पहिल्याच शब्दात. मला ती ऐकू आली नाही. चौऱ्याहत्तर फाईली झाल्या तरी आली नाही.

सव्वीस वर्षं मी दिग्रसच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. समोर माईक. बाहेर चालू इंजिनं, शेंगदाणेवाले, रडणारी पोरं. तिथे गावाचं नाव नुसतं उच्चारून भागत नाही. शेवट लांबवावा लागतो. पुसऽऽद. यवतमाऽऽळ. तो लांबवलेला शेवट पार रसवंतीपर्यंत पोचतो, मग तिथला माणूस गिलास खाली ठेवून पळतो. हे मला कोणी शिकवलं नाही. पहिल्या महिन्यात तिघांच्या गाड्या चुकल्या आणि त्यांनी खिडकीवर येऊन जे ऐकवलं, त्यातून मी शिकले.

प्रेरणाला जन्मापासून दिसत नाही. तिचा मामा दिग्रसचा. शाळेच्या दिवसांत ती सुट्टीला मामाकडे यायची आणि परत जाताना आमच्या स्टँडवर बसायची. गाडी कोणत्या फलाटावर लागली हे तिला पाटी सांगत नव्हती, मी सांगत होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मामाच्या गाडीवर बसून ती माझ्या दारात आली. चोवीस वर्षांची, पाठीवर सॅक, हातात घडीची काठी. दार उघडताच म्हणाली,

"तुमी स्टँडवाल्या मावशी ना? काई तरी बोला बरं. मी आवाज पाह्यते."

"काय बोलू?"

"झालं. तुमीच."

यवतमाळच्या एका संस्थेत ती फिजिओथेरपी सहायकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करत होती. पुस्तकं फोन वाचून दाखवायचा. अडचण होती ती सरांच्या नोट्सची. दोनशे पानं, सगळी हातानं लिहिलेली, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत.

"फोनातली बाई छापील असलं का धडाधड वाचते," प्रेरणा म्हणाली. "सरांचं अक्षर पाह्यलं का मुकी होते. तुमी वाचून द्यान का, मावशी?"

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत माझ्या आवाजाला सगळ्यात मोठं काम मिळालं होतं ते "दूध उतू जातंय" हे सांगायचं. मी त्या नोट्स अशा ओढून घेतल्या की पोरगी दचकली.

पॅ – रॅ – लि – सिस

तोंडी परीक्षेला चौदा दिवस राहिले असताना तिचा फोन आला. दुपारची वेळ होती. मी तूर निवडत होते.

"मावशी, आज सराव परीक्षा झाली."

"मग?"

"वर्गातले पोट धरून हासले." ती स्वतःही हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "मी पॅरालिसिऽऽस म्हटलं. सर म्हणे, फलाट क्रमांक किती?"

मी ताट बाजूला सरकवलं.

"पुन्हा म्हण."

"पॅरालिसिऽऽस."

तो माझा आवाज होता. तिच्या गळ्यातून माझा माईक बोलत होता. मी म्हटलं, आर्थ्रायटिस म्हण. अ‍ॅट्रोफी म्हण. तिनं म्हटलं. एकेक शब्द स्टँडमधून सुटून लांब धूळ उडवत गेला.

माझी सून अनघा बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती दारात उभी राहून ऐकत होती.

"आई, जोर शेवटी नाही येत. पॅ-रॅ-लि-सिस. 'रॅ'वर येतो. आणि शेवटचं अक्षर तर हलकंच सोडायचं."

"हे तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, तुम्ही मजेनं तसं वाचता."

मजेनं! मी शेवटची इतकी गंभीर कधी झाले होते ते मला आठवत नाही.

तिकडे प्रेरणा शांतपणे पुढचं सांगत होती. तोंडी परीक्षेला साठ गुण. परीक्षक बाई बाहेरून येणार. सरांनी बजावलं होतं की वॉर्डातून डॉक्टरला फोनवर आजाराचं नाव नीट सांगता आलं नाही, तर त्या बाई पास करत नाहीत. यवतमाळच्या एका दवाखान्यानं प्रेरणासाठी एक जागा धरून ठेवली होती, पण निकालापर्यंतच. नापास झाली तर वर्ष गेलं आणि जागाही गेली.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं.

"कायले असं बोलता? नोट्स कोनं वाचल्या असत्या? अर्थ तर सारे पाठ आहेत मले."

"सगळ्या फाईली मी परत वाचते. चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर."

"चौदा दिवसांत?"

"दिवाळीच्या गर्दीत मी एका दिवसात एकशे चाळीस गाड्या सोडल्यात, बाई."

लॅ – रिन् – जाय – टिस

अनघानं नोट्समधल्या प्रत्येक शब्दाचे पेन्सिलीनं तुकडे पाडून दिले आणि ज्या तुकड्यावर जोर, त्याच्याखाली रेघ मारली. मला 'आघात' वगैरे कळेना. मग माझ्या पद्धतीनं कळलं. दिग्रसहून यवतमाळची गाडी दारव्ह्याला दहा मिनिटं उभी राहते. बाकी थांब्यांवर माणूस उतरला की लगेच निघते. या शब्दांचंही तसंच. सगळे थांबे घ्यायचे, एकही गाळायचा नाही, पण गाडी उभी राहणार ती एकाच ठिकाणी. शेवटचा थांबा आला की मुकाट उतरायचं, ओरडायचं नाही.

"म्हणजे परतेक शब्दाचं दारव्हा शोधायचं," प्रेरणा म्हणाली. तिला ते एकदम पटलं. "न्यूरोपथीचं दारव्हा 'रो'."

"हो. पॅरालिसिसचं 'रॅ'."

"अन् आर्थ्रायटिसचं 'थ्राय'. मावशी, हे सोपं आहे! बोलताना नाई, आयकताना सोपं आहे."

मी वाचायला बसले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सवय अशी की चार शब्द नीट जायचे आणि पाचव्याला हात आपोआप माईकच्या बटणाकडे गेल्यासारखा शेवट लांबायचा. मग खोडायचं, परत म्हणायचं. तीन दिवसांत एकोणीस फाईली झाल्या. विसावी अर्धवट राहिली, ती माझ्या फोनमध्ये अजून आहे. ती अशी:

"फाईल क्रमांक वीस, दुरुस्त. पाठीच्या कण्याचे आजार. शब्द पहिला. कायफोसिस. काय-फो-सिस, फोवर थांबा. शब्द दुसरा. स्को – लि –"

बस. पुढे नुसती हवा.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं: लॅरिंजायटिस, स्वरयंत्राला सूज. दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. अनघा शेजारी बसली होती. मी तिच्या पर्सवर बोटानं लिहून विचारलं, दारव्हा कुठे?

"'जाय'वर," ती म्हणाली आणि मला मिठी मारून रडायला लागली. डॉक्टर घाबरले. त्यांना वाटलं, आम्हाला दुसराच काही आजार कळला आहे.

अ‍ॅट – रो – फी

अनघानं एका रविवारी बसून सगळ्या शब्दांच्या फाईली आपल्या आवाजात करून पाठवल्या. शुद्ध, स्वच्छ. प्रेरणानं त्या दोन दिवस ऐकल्या. मग तिचा फोन आला. मी तो स्पीकरवर उचलला, पण बोलायचं नव्हतं, म्हणून फोनवर टिचकी मारली.

"मावशी, आयकते तवा बराबर वाटते. तोंड उघडलं का तुमीच बाहेर येता. मले कोनी तरी जागच्या जागी अडवाले पायजे. अनघाताई तर रात्री नवापर्यंत दुकानात."

मी पाटीवर लिहिलं, 'कसं अडवू?' आणि समोर बसलेल्या फुलचंदभाऊंना दाखवलं. फुलचंदभाऊ म्हणजे आमच्याच डेपोचे निवृत्त कंडक्टर. रोज चार वाजता पेपर वाचायला येतात. माझा आवाज बसल्यापासून फारच खुशीत होते.

"सव्वीस वर्सं आमच्यावर खेकसल्या," ते अनघाला सांगत, "फुलचंद, गाडी काढा, फुलचंद, टाइम झाला! आता घर कसं थंडगार वाटून राह्यलं."

त्यांनी पाटी वाचली. पेपराची घडी घातली आणि उठून गेले. मला वाटलं, चिडले. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा हातात पंच होता. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. मशीन आल्यापासून तो कोणी पाहिलेला नाही.

"डेपोचा जमा केला. हा माह्या सोताच्या पैशाचा." त्यांनी मला प्रेरणाचा फोन परत लावायला लावला आणि पंच त्याच्याजवळ धरून वाजवला. टक. "पोरी, आयकू आला का?"

"आला."

"एक वाजला का?"

"थांबा."

"दोन वाजले का?"

"जाऊ द्या!" प्रेरणा ओरडली.

"पाह्य, मॅडम. अर्धं शिकवून झालं."

तेव्हापासून रोज चार वाजता. ती शब्द म्हणायची, मी अनघाच्या रेघा बघत पंच धरून बसायचे. शेवट लांबला, टक. थांबा गाळला, टक. गाडी दारव्ह्याला न थांबता पुढे गेली, टक. सगळं जमलं की टक-टक, पुढचा शब्द. पहिल्या दिवशी 'अ‍ॅट्रोफी'ला मी तिला एकतीस वेळा थांबवलं. अ‍ॅट्रोफी म्हणजे पोषण न मिळाल्यानं स्नायू बारीक होणं. तोपर्यंत आमचेच होत आले होते.

"मावशी, आज गाडी दिग्रसच्या भाईरच नाई निघाली," ती म्हणाली.

"रस्त्याचं काम चालू आहे म्हनून समज," फुलचंदभाऊ म्हणाले. "मी त्या रोडनं बावीस वर्सं गेलो. निंघते गाडी."

चौथ्या दिवशी तिला एक गंमत सापडली. "शेवटून तिसरा!" ती म्हणाली. "न्यूरोपथी, पॅरालिसिस, अ‍ॅट्रोफी, डिस्ट्रोफी. साऱ्यांचं दारव्हा शेवटून तिसरं. कायफोसिस आनि आर्थ्रायटिस मात्र शेवटून दुसऱ्यावर थांबतात. सरांनं हे लिहिलं नाई कुठं."

मी टक-टक वाजवलं. मग उगाच परत वाजवलं. आनंदानं ओरडायची बंदी होती, त्यामुळे दुसरा उपायच नव्हता.

ऑर् – थॉप् – नि – या

हा शब्द तिला परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत आला नाही. आडवं झालं की धाप लागणं, बसलं की बरं वाटणं, त्याला ऑर्थोप्निया म्हणतात. ऑर्थो म्हणजे सरळ, उभं. प्निया म्हणजे श्वास. तो जोडलेला 'प' तिला सापडेना. कधी गिळायची, कधी त्याच्यावरच गाडी आपटायची.

त्या दिवशी अनघा लवकर आली होती. ती फोनजवळ वाकली. "प्रेरणा, न्युमोनिया हा शब्द आहे ना, त्याच घराण्यातला. इंग्रजीत लिहिताना त्याच्या सुरुवातीलाही 'प' असतो. पण तिथे तो बोलत नाही."

"काहून?"

"सुरुवातीला एकटा उभा असतो ना. ऑर्थोप्नियात त्याच्या आधी 'थॉ' येतो. 'प' त्या 'थॉ'ला टेकतो आणि मग बोलतो. थॉप्. मग 'नि'वर जोर. ऑर्-थॉप्-नि-या."

 होस्टेलच्या व्हरांड्यात कोणी तरी बादली ठेवली, ते फोनवर ऐकू आलं.

"म्हणजे 'प'ले बी टेकाले कोनी लागते," प्रेरणा म्हणाली. "माह्यावानी. घाबरू नको रे बावा. ये. ऑर्-थॉप्-नि-या."

माझ्या हातातला पंच वाजलाच नाही. फुलचंदभाऊंनी माझ्या बोटांवर बोटं ठेवून तो दाबला. टक-टक.

तोंडी

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं फोन मधे ठेवून बसलो होतो. बाराला यायचा निरोप चारला आला, आवाजाच्या फाईलमधून. तो मी इथे जसाच्या तसा ठेवते. माझ्या फाईलींचं तिनं केलेलं ते उत्तर आहे.

"फाईल क्रमांक एक. बोलणार प्रेरणा. ऐकणार विजामावशी, अनघाताई अन् फुलचंदकाका. मावशी, मधात बोलू नोका, तुमचे दहा दिवस उद्या भरतात. तर. परीक्षक बाई आल्या. आवाज कोरडा, चपला जड. पयले आजारांचे नावं इचारले. मी खिशात बोटं दाबत होती, एक अन् दोन. पॅरालिसिस गेला. अ‍ॅट्रोफी गेला. ऑर्थोप्निया इचारलाच त्यायनं, अन् गेला तो बी, 'प' सकट. बाई म्हणे, ठीक. नुसतं ठीक. 

"मंग ज्या दवाखान्यानं माही जागा धरली, त्याच्याच वॉर्डात नेलं. रुपीबाई म्हनून एक म्हातारी, आर्णीकडच्या तांड्यातली. डावी बाजू गेलेली, आयकाले बी कमी येते. बाई म्हणे, यायच्याकडून हात उचलवून घे. मी तिच्या मनगटाले बोटं लावून म्हटलं, आजी, हात उचला. काईच नाई. परत म्हटलं, मोठ्यानं. काईच नाई. वॉर्डात भांडे वाजून राह्यले, पंखा खडखड, कोनाचं तरी लेकरू रडून राह्यलं. अन् मावशी, मले वाटलं मी स्टँडवर आहे. तोंडातून आपोआप निंघालं. आजी, हात उचलाऽऽ.

"उचलला! पुरा नाई, कोपरापर्यंत. मी म्हटलं, अजून वरऽऽ. तं तिनं अजून वर केला. मंग खाली घ्याऽऽ, तं खाली. बाई जवळ आल्या. म्हणे, शब्द बोलताना तर तू शेवट कुठंच लांबवला नाहीस, मग हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, दिग्रसच्या स्टँडवर. बाईले वाटलं मी थट्टा करून राह्यली. मंग मी साऱ्यांचं सांगितलं. पंचाचं बी. त्या हासल्या नाई. माह्या हातावर हात ठेवला अन् म्हणे, शब्द डॉक्टरसाठी तसेच ठेव, आणि हे पेशंटसाठी ठेव. दोन्ही विसरू नकोस.

"निकाल पंधरा दिवसांनी. पन मावशी, मले आत्ताच बोलायचं होतं. तुमी म्हणत होत्या, माह्यामुळं झालं. हो, तुमच्यामुळंच झालं. फाईल समाप्त."

शेवटचा शब्द तिनं लांबवला नाही. हलकाच सोडला.

फुलचंदभाऊ चष्मा पुसत होते. "चपला जड," ते म्हणाले. "पोरीचं ध्यान पाह्य कुठं कुठं असते."

फाईल

निकाल लागला. साठपैकी एक्केचाळीस. दवाखान्यातली जागा तिची झाली.

माझा आवाज आला, पण पूर्वीइतका नाही. वरच्या पट्टीत चिरतो. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. सव्वीस वर्षं तो मी लोकांना पाठीमागून हाका मारायला वापरला, आणि त्यातलं कोण ऐकतंय हे कधी खिडकीतून वाकून पाहिलं नाही. एक मुलगी ऐकत होती. तिनं येऊन मला ते सांगितलं, हे तिचे उपकार. सुनेनं दोनशे पानांवर पेन्सिल झिजवली, तेही. आणि फुलचंदभाऊंचे उपकार बोलून दाखवायची सोय नाही, ते लगेच चहात साखर जास्त मागतात.

कामाच्या पहिल्या सोमवारी प्रेरणाचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणायच्या आत ती कुजबुजली, "बोलू नोका. आयका फक्त." मग तिनं फोन कुठे तरी टेबलावर ठेवला असावा. पंख्याची खडखड आली. भांडी आली. आणि मग तिचा आवाज, पूर्ण मोकळा, वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत जाणारा:

"रुपीआजी, हात वरऽऽ."

 एका म्हातारीचा धापेचा आवाज, आणि तिनं तिच्या बोलीत काही तरी पुटपुटलेलं. कुणी तरी टाळी वाजवली.

पंच आता आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. मी तो काढला, फोनजवळ नेला आणि दोनदा दाबला.